फ्रीजला शिवलेली खोळ

माझ्या धाकट्या भावाने एक फ्रीज निवडायला जेवढा वेळ घेतला, तेवढ्या वेळात लोकांची लग्नं जमतात, होतात आणि एखाद्याचं मोडतंसुद्धा. खरं तर त्याला स्वतःला फ्रीज नकोच होता. कितीतरी वर्षं तो कालव्यावरच्या आपल्या बोटीत एकटा राहत होता. दूध रोजच्या रोज आणायचा, लोणी गार पाण्यात बुडवून ठेवायचा आणि उरलंसुरलं बदकांना घालायचा. फ्रीज लागणार होता मला, कारण मला इन्सुलिन लागतं आणि इन्सुलिनला गारवा लागतो.

मी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात मुख्य स्वयंपाकीण होते. बिनमिठाचं, बिनतिखटाचं, चावावं न लागणारं असं सगळं शिजवण्यात माझी उमर गेली. निवृत्त झाल्यावर दोन खोल्यांत भाड्याने राहत होते. त्या खोल्या मालकाने विकायला काढल्या, तेव्हा मुलगा म्हणाला आमच्याकडे ये. धाकटा भाऊ काहीच म्हणाला नाही. एके सकाळी दोन खोकी घेऊन आला आणि माझी पातेली वर्तमानपत्रात गुंडाळून भरायला लागला. त्याचं बोलणं हे असंच असतं, ते हातांकडे बघून ऐकावं लागतं.

माझा मुलगा वाईट नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर लोक लगेच सुनेची चौकशी करतात. सून तर मुलापेक्षा बरी आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी त्यांच्याकडे राहून आले आहे. दोघं सकाळी कामाला जायची ती दिवेलागणीला यायची. घर इतक्या उंचावर की खिडकीतून फक्त दुसऱ्या खिडक्या दिसायच्या. जाताना मुलगा सांगायचा, आई, तू काही करू नकोस, नुसती बस. मी बसायचे. ज्या बाईने जन्मभर दोन माणसांनी उचलायची पातेली ढवळली, तिला चमचे कुठल्या खणात आहेत ते विचारावं लागायचं. खाऊनपिऊन सुखी होते आणि दुपारी न्हाणीघरात नळ सोडून रडत होते. मला तिथे परत जायचं नव्हतं. धाकट्याचं आणि माझं कांदा उभा चिरायचा की आडवा यावरून वाजतं, पण वाजायला कोणीतरी समोर लागतंच ना.

मुलाने अडवलं नाही, अट मात्र घातली. औषध दोन ते आठ अंशांतच राहिलं पाहिजे. माझा सगळा साठा त्याच्या फ्रीजमध्ये राहील, बोटीवर मी एकच खोकं न्यायचं, आणि एक महिना बघायचं. त्याने माझ्या हातात एक छोटा गोल थर्मामीटर ठेवला, फ्रीजच्या आत टांगायचा. काटा आठाच्या वर राहायला लागला तर तो गाडी घेऊन येणार आणि मी मुकाट्याने बसणार. मी कबूल केलं. अट रास्त होती. बिघडलेलं औषध घेऊन आलेली माणसं इस्पितळात मी पाहिलेली आहेत.

आता बोटीवर वीज म्हणजे काय, ते सांगायला हवं. छपरावर दोन सोलर पॅनल, बाकाखाली दोन बॅटऱ्या आणि जिन्याजवळ भिंतीवर एक मीटर. त्याचा काटा हिरव्यात असला की घरात आबादीआबाद. पिवळ्यात आला की धाकटा गप्प होतो, आणि लाल जवळ आला की दिवेसुद्धा बंद. एवढ्यात दिवे, पाण्याचा पंप आणि त्याचं शिवणयंत्र भागवायचं. तो गाद्या आणि सोफ्यांचं काम करतो. कालव्यावरच्या सगळ्या बोटींच्या बाकांना त्याच्याच गाद्या आहेत, सगळे त्याला गादीमास्तर म्हणतात. या संसारात दिवसरात्र वीज पिणारा पाहुणा आणायचा म्हणजे आधीच अंथरूण तोकडं, त्यात आणखी एकाचे पाय.

म्हणून तो फ्रीज बघत हिंडला. वधूपित्याने स्थळं बघावीत तसा. गावातल्या दुकानात घरगुती फ्रीज स्वस्त होते, पण ते बॅटरीवर चालवायला मध्ये इन्व्हर्टर लागतो आणि तो स्वतःच आपला वाटा खातो. गॅसवर चालणारा होता, त्यात सतत ज्योत, आणि बोट जरा कलली की त्याचं बिनसतं. एका दुकानदाराने एक गोजिरवाणी थंड पेटी दाखवली, सहलीला नेतात तसली. ती क्षणभरही थांबत नाही, अखंड वीज ओढत राहते, हे धाकट्याने तिथेच वाचून काढलं आणि दुकानदाराला वाचून दाखवलं. लोकांच्या बोटींवर जाऊन तो त्यांच्या फ्रीजजवळ कान लावून बसायचा. फ्रीज किती वेळ गुणगुणतो आणि किती वेळ गप्प राहतो, ते ऐकायचा. चांगला फ्रीज जास्त वेळ गप्प असतो, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, मग तूच उभा राहा कोपऱ्यात.

शेवटी त्याने पेटीसारखा, वरून झाकण उघडायचा फ्रीज घेतला. थेट बॅटरीवर चालणारा, माझ्या जुन्या ट्रंकेएवढा. मी नाक मुरडलं. तळाशी ठेवलेलं लिंबू काढायला डोकं आत घालावं लागणार होतं. त्यावर धाकट्याने मला समजावलं की गार हवा जड असते. उभं दार उघडलं की ती आपल्या पायांवर सांडून जाते, पेटीत मात्र पाण्यासारखी साठून राहते. हे मला पटलं. ज्या दिवशी फ्रीज बसवला, त्या दिवशी संध्याकाळी थर्मामीटर चार अंशांवर होता आणि भिंतीवरचा काटा हिरव्यात. आम्ही दोघांनी गार सरबत केलं आणि बाहेर बाकावर बसून प्यायलो. मला इतकं बरं वाटलं की कांद्याचा विषयसुद्धा मी काढला नाही.

शेजारच्या बोटीवर एक निवृत्त पोस्टमन राहतात. ते फ्रीज बघायला आले आणि म्हणाले, मास्तर, भिंती अजून जाड करा, गारवा बाहेर जाणार नाही, विजेची बचत होईल. बस्स. जाड अस्तर हा तर धाकट्याचा हातखंडा. त्याने उत्तम फोम आणला, वर निळं कापड, कडेला पांढरी गोट, आणि फ्रीजला अशी खोळ शिवली की एखाद्या नवरदेवाला तसा कोट मिळायचा नाही. चारही बाजू, तळ, झाकण, सगळं अंगासरशी. धाकट्याचा एक नियम आहे, तो शिकाऊ असल्यापासूनचा: उघडी कड म्हणजे अर्धवट काम. या खोळीला कुठेही बोट घालायला फट नव्हती. मी हात फिरवून पाहिला आणि मनापासून वाहवा केली. जिना आणि फ्रीज यांच्यात वीतभर जागा रिकामी राहत होती, तिथे दिवसा माझ्या अंथरुणाची वळकटी उभी करायला लागले. बोटीवर रिकामी जागा बघवत नाही.

त्यानंतर फ्रीजचं गुणगुणणं थांबेना. सुरुवातीला लक्षात आलं नाही, घड्याळाची टिकटिक येत नाही तसं. मग थर्मामीटर सहावर आला, मग सातावर. भिंतीवरचा काटा दुपारी, भर उन्हात पिवळ्यात दिसायला लागला. धाकट्याने पॅनल पुसली, बॅटऱ्यांच्या तारा घासूनपुसून घट्ट केल्या, झाकणाच्या रबरात कागद धरून पकड तपासली. सगळं ठीक होतं. मी पाण्याच्या बाटल्या भरून आत रचल्या, म्हणजे रिकामी हवा कमी. त्याने खोळीला आतून आणखी एक थर लावला. काटा आठावर गेला.

त्याच सुमारास त्याने शिवणयंत्र चालवणं बंद केलं. मी विचारलं तर म्हणाला, मोटर बिघडली आहे, आणि नाहीतरी हाताची शिलाईच टिकते. दिवसभर तो बाकावर बसून दाभणाने जाड कापड शिवायचा. या वयात. डोळे बारीक करून, कापड छातीशी धरून. आठवड्याभरात त्याच्या उजव्या हाताच्या तीन बोटांना चिकटपट्ट्या लागल्या. जेवताना चमचा डाव्या हातात.

एका सकाळी तो धाग्याची रिळं आणायला गेला, तेव्हा मी यंत्राच्या पायडलवर पाय ठेवला. ते मजेत धडधडायला लागलं. मोटरला काहीही झालं नव्हतं.

मी तिथेच खुर्चीवर बसून राहिले. राग आला, कारण खोटं बोलला होता. मग दुसरं काहीतरी आलं, त्याला मी राग म्हणू शकले नाही. यंत्राची वीज वाचवून माझ्या औषधाचा गारवा हा माणूस हाताच्या बोटांनी भरत होता. त्याची ही बोट एकट्याची होती आणि एकट्यापुरतीच होती. मी आले आणि ती बुडायला लागली, पाण्यात नव्हे तरी. मला जायचं नव्हतं, जिवावर आलं होतं. पण त्याच्या चिकटपट्ट्या बघत मला तिथे राहवणार नव्हतं. मी मुलाला फोन केला आणि रविवारी ये म्हणून सांगितलं.

धाकट्याला मोटरचं काही बोलले नाही. एवढंच म्हटलं की फ्रीज काही जमत नाही, आठाच्या खाली उतरत नाही, शब्द दिला आहे तर पाळायला हवा.

"दुसरा बघतो," तो म्हणाला.

"दुसरा बघशील, मग तिसरा बघशील. उरलेलं आयुष्य काय फ्रीज बघण्यात घालवणार आहेस?"

"मी चुकीचा निवडला, ताई."

त्याने फ्रीज चुकीचा निवडला नव्हता, पण ते तेव्हा मला कुठे ठाऊक होतं? मी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि वांगी चिरायला घेतली. आडवी चिरली, त्याला आवडतात तशी. त्यानेही त्यावर शेरा मारला नाही, यावरून काय ते समजा.

शनिवारी सकाळी त्याने मोठी कात्री काढली आणि फ्रीजची खोळ उसवायला बसला. मी म्हटलं, अरे, एवढी सुंदर खोळ. तर म्हणाला, मुलाच्या घरापर्यंत गाडीने चांगले चार तास लागतात, वाटेत औषध तापायला नको. याच फोमची जाड पिशवी शिवतो, आत बर्फाची बाटली ठेवली की झालं. निळं कापड टराटरा फाटताना मला बघवेना. मी आपलं अंथरूण दोरीने बांधलं आणि जिन्याजवळून काढून दाराशी ठेवलं. पातेली आली होती त्याच खोक्यांत परत भरली. तो दिवसभर बाकावर त्या पिशवीशी मान खाली घालून बसला होता. आमच्यात चार वाक्यं झाली असतील, त्यातली दोन मिठाबद्दल.

रविवारी सकाळी जाग आली ती शांततेने. बोटीला पाणी लागल्याचा आवाज येत होता, वर एक बदक चालत होतं, आणि बाकी काही नाही. फ्रीज गुणगुणत नव्हता.

धाकटा बाकावर बसला होता, मांडीवर ती पिशवी. म्हणाला, "गेला बहुतेक."

मी म्हटलं, "जाऊ दे. मी तरी कुठे राहतेय?"

उन्हं वर आल्यावर मुलगा आला. खाली उतरताना नेहमीप्रमाणे दाराच्या चौकटीला डोकं आपटलं, नेहमीप्रमाणे चौकटीला दोष दिला. खोकी बघून जरा ओशाळला. मामाकडे बघायचं टाळत म्हणाला की सुनेने माझी खोली लावून ठेवली आहे, खिडकीशी खुर्ची ठेवली आहे. मला त्याची कीव आली. मी औषध काढायला फ्रीजचं झाकण उचललं. गार हवा थेट मनगटांना लागली. थर्मामीटरचा काटा तिनाच्या आणि चाराच्या मध्ये होता.

मला वाटलं, हाही गेला. टिचकी मारून पाहिली. काटा हलला आणि परत तिथेच आला. बाटल्यांना हात लावला, गारठलेल्या होत्या. मागे वळून मीटर बघितला. पॅनलना नुकतं ऊन लागलेलं, आणि काटा हिरव्यात.

तेवढ्यात फ्रीज आपला आपण सुरू झाला. जिन्याच्या बाजूला, जिथे माझी वळकटी असायची, तिथे त्याच्या अंगाला एक जाळी आहे. इतके दिवस ती खोळीच्या आत झाकलेली होती. मी तिथे तळहात धरला. भट्टीचं दार किलकिलं असावं तशी गरम हवा येत होती. थोडा वेळ गुणगुणला आणि थांबला. काम झालं होतं त्याचं.

मी तशीच खाली जिन्यावर बसले. इस्पितळातल्या कोल्डरूमच्या मागच्या भिंतीला अशीच जाळी होती, माणसाएवढी. आतली उष्णता ती बाहेर अंगणात फेकायची. तिच्यापुढे आम्ही ओली फडकी वाळत घालायचो, जन्मभर. कोणी तिथे खोकं ठेवलं तर मीच त्याला झापायचे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय? धाकट्याने त्या बिचाऱ्याचं नाक कापडाने शिवून टाकलं होतं आणि वरून मी वळकटी दाबून धरली होती. गारवा राखायचा म्हणून आम्ही दोघांनी मिळून त्याला आतल्या आत तापवत ठेवलं होतं. फ्रीज चांगलाच होता. तो खोळीत गुदमरत होता, आणि आम्ही दर वेळी त्याच्यावर आणखी एक पांघरूण घालत होतो.

मी हे सगळं दोघांना सांगितलं. मुलगा वाकून जाळीला हात लावून आला, मग आतला थर्मामीटर डोळ्यांजवळ नेऊन वाचला. त्याला माझं पटलं होतं, पण तो निघायच्या तयारीने आलेला माणूस होता आणि त्याच्या हातात माझं एक खोकं होतं. "म्हणजे आता निघायचं की नाही?" असं त्याने विचारलं.

मी धाकट्याकडे बघितलं. तो बाकावरच होता. मान अजून खालीच.

"औषधाची पिशवी दे बघू," मी म्हटलं.

"झाली नाही अजून."

असली पिशवी म्हणजे त्याच्या हातचा तासाभराचा मळ. कालच्या सकाळपासून तो ती घेऊन बसला होता. मी जाऊन ती त्याच्या मांडीवरून उचलली. तीन बाजू अशा शिवलेल्या की टाका शोधून सापडू नये, कडेला तीच पांढरी गोट. चौथी, तोंडाची बाजू उघडी, आतला फोम दिसणारी. नुसती उघडी नाही, तिला एक टाकासुद्धा घातलेला नव्हता. दाभण बाजूला पडलं होतं, त्यात दोरासुद्धा ओवलेला नव्हता.

"धाकट्या, एक कड राहिलीय."

"माहितीये मला."

"काल दिवसभर काय करत होतास मग?"

त्याने चिकटपट्ट्या लावलेली बोटं एकमेकांवर घासली. "ती शिवली की झालंच ना, ताई," तो म्हणाला. "मग काय राहिलं होतं?"

आयुष्यभरात तो माझ्याशी याहून जास्त काही बोललेला मला आठवत नाही. मला रडू आलं, आणि या वेळी नळ सोडायला मी कुठे गेले नाही. मुलाने खोकं खाली ठेवलं. जरा वेळाने त्यातली पातेली एकेक करून बाहेर काढायला लागला आणि कुठे ठेवू म्हणून मला विचारायला लागला. मी त्याला खण दाखवले. जेवून जाताना त्याने बजावलं की महिना आजपासून नव्याने धरायचा. मी म्हटलं, धर.

महिना उलटून गेला. पाठोपाठ औषधाचा साठाही इकडे आला. फ्रीजला आता तीनच बाजूंनी अस्तर आहे, जाळीची बाजू मोकळी, आणि माझी वळकटी बाकाखाली जाते, जिथे ती बाहेर काढताना रोज माझी कंबर मोडते. शिवणयंत्र दुपारभर धडधडतं, आणि मोटर कधी आणि कशी दुरुस्त झाली हे मी विचारलेलं नाही.

ती निळी पिशवी जिन्याजवळच्या खुंटीला लटकते. तिच्यात मी कांदे ठेवते. धाकटा अधूनमधून दाभणात दोरा ओवून तिच्यापाशी येतो. म्हणतो, उघडी कड मला बघवत नाही. मी त्याला सांगते, सवय कर.